दास म्हणू नका, गुलाम म्हणा

बायबलातील गुलामगिरीविषयक कायद्यांवरचा वाद इतका सरावाचा झाला आहे की दोन्ही पक्ष काय बोलणार हे ते बोलण्याआधीच ठाऊक असते. एक पक्ष 'लेवीय' ग्रंथाचा पंचविसावा अध्याय उघडून विचारतो : माणसाने माणूस विकत घ्यावा आणि मरताना मुलाबाळांना वारसा म्हणून द्यावा, अशी परवानगी देणारा ग्रंथ पवित्र कसा? यावर श्रद्धावानांची तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, ती खरी गुलामगिरी नव्हतीच, ती एक प्रकारची चाकरी होती. दुसरे, आजूबाजूच्या राज्यांतले कायदे पाहिले तर मोशेचे कायदे दयाळू ठरतात. तिसरे, देवाने माणसाला एकदम न बदलता त्याच्या कुवतीप्रमाणे हळूहळू वर आणले, आणि हे कायदे त्या वाटेवरची एक पायरी आहेत.

आमच्या मते यांतले पहिले उत्तर खोटे आहे, दुसरे अर्धे खरे आहे आणि तिसरे खरे असू शकते, परंतु ते देणाऱ्यांनी त्याची किंमत अद्याप चुकती केलेली नाही. श्रद्धावानाने हे कायदे सौम्य करून सांगणे आधी थांबवावे. ते जे म्हणतात ते म्हणतात, एवढे कबूल करावे. त्यानंतर त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या आवाजाचा आधार घेऊन त्यांच्या विरोधात उभे राहावे, आणि तसे उभे राहण्याची जबाबदारी देवावर वा व्याकरणावर न ढकलता स्वतःच्या शिरावर घ्यावी. हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नाही. अप्रिय मजकुराचे वाचकाने काय करायचे, हा साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढचा प्रश्न आहे.

आधी मजकूर पाहू. 'निर्गम' ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायानुसार विकत घेतलेला इब्री गुलाम सहा वर्षे राबतो आणि सातव्या वर्षी सुटतो. मात्र धन्याने त्याला बायको करून दिली असेल तर ती आणि तिची मुले धन्याचीच राहतात. बायकामुलांना सोडून जायचे त्याच्या जिवावर आले, तर धनी त्याला दाराच्या चौकटीशी नेऊन अरीने त्याचा कान टोचतो आणि तो जन्माचा गुलाम होतो. बापाने विकलेल्या मुलीला सातव्या वर्षाची ही सुटका नाही. धन्याने काठीने मारल्यावर गुलाम जागीच मेला तर धन्याला शिक्षा आहे, परंतु तो एकदोन दिवस जगला आणि मग मेला तर शिक्षा नाही. याचे कारण म्हणून गुलाम हे धन्याचे धन असल्याचे तिथेच सांगितले आहे. 'लेवीय' पुढे जाऊन भेद स्पष्ट करतो : आपल्या इस्राएली बांधवाला गुलामासारखे राबवू नये, योबेल वर्षी त्याला मोकळे करावे, कायमचे गुलाम हवे असतील तर ते भोवतालच्या राष्ट्रांतून आणि आपल्यात राहणाऱ्या परक्यांच्या मुलांतून विकत घ्यावेत.

हे वाचून 'ही तर चाकरी होती' असे म्हणणाऱ्याला आम्ही एकच विचारतो : चाकराला वारसाहक्काने मुलाच्या नावावर करता येते काय? करार, मुदत, कर्जफेड हे सारे वर्णन इब्री गुलामापुरते, तेही पुरुषापुरते, बऱ्याच अंशी लागू पडते. परक्या गुलामाला त्यातले काहीही लागू पडत नाही. पहिल्याची सवलत दाखवून दुसऱ्याची साखळी झाकणे, ही या उत्तरातली युक्ती आहे.

ही युक्ती भाषांतरांनी सोपी केली. हिब्रू 'एबेद' या शब्दाचा पल्ला मोठा आहे. राजाचा अधिकारी, देवाचा सेवक आणि बाजारात विकत घेतलेला माणूस हे तिघेही 'एबेद'च. १६११च्या इंग्रजी भाषांतराने बहुतेक ठिकाणी नोकर या अर्थाचा शब्द घातला, आणि दोन शतकांनंतर अमेरिकेतील धनी आपल्या गुलामांना सभ्य भाषेत त्याच शब्दाने संबोधू लागले. मराठीत तर ही अडचण आणखी सूक्ष्म आहे. मराठी बायबलात 'एबेद'साठी 'दास' येतो, आणि 'दास' हा आपल्याकडे संतांच्या घरचा शब्द आहे. रामदास, विष्णुदास, दासोपंत ही नावे ऐकत वाढलेल्या मराठी कानाला या शब्दात बेडीचा आवाज येत नाही, टाळाचा येतो. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत, त्यांचे दासीपण हे पोटासाठीचे कष्ट होते, हेही भक्तीच्या अर्थाखाली आपण जवळजवळ विसरून गेलो. असा शब्द काठीने मेलेल्या गुलामाच्या कलमात बसवला की ते कलम आपोआप मऊ होते.

मराठीला दुसरे शब्द नव्हते असे नाही. पेशवेकालीन दप्तरांत विकत घेतलेल्या किंवा शिक्षा म्हणून सरकारजमा झालेल्या स्त्रियांना 'कुणबीण' म्हटलेले आहे. 'बटीक' होता, 'गुलाम' होता. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपले पुस्तक लिहिले तेव्हा त्यांनी नाव दिले 'गुलामगिरी', आणि ते अर्पण केले अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. 'दास्य' हा शब्द त्यांच्या हाताशी होताच. तो त्यांनी नावात घेतला नाही, कारण त्यांना ज्या गोष्टीकडे बोट दाखवायचे होते तिला त्या शब्दाने पावित्र्य आले असते. शब्दाची निवड हीच तिथे भूमिका आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या उत्तराकडे वळू. तुलना करायची तर ती पुरती करावी. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्यास देहान्त शिक्षा आहे. 'अनुवाद' ग्रंथाचा तेविसावा अध्याय सांगतो की धन्याकडून पळून आलेल्या गुलामाला परत देऊ नये, त्याला हवे तिथे राहू द्यावे. हम्मुराबीकडे दुसऱ्याच्या गुलामाचा डोळा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम भरावी लागते. 'निर्गम'मध्ये धन्याने आपल्या गुलामाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर तो गुलाम मोकळा होतो. एका ठिकाणी किंमत मोजली जाते, दुसऱ्या ठिकाणी त्या माणसाला सुटका मिळते. हा फरक मोठा आहे आणि तो नाकारणारा टीकाकार अप्रामाणिक आहे. परंतु त्याच हम्मुराबीच्या कायद्यात कर्जापायी दिलेली बायकोमुले तीन वर्षे राबून चौथ्या वर्षी सुटतात. मोशेच्या कायद्यात सहा वर्षे लागतात. तुलना अशी दोन्ही बाजूंनी कापते. शिवाय शेजाऱ्यापेक्षा थोडा बरा, ही ग्वाही एखाद्या राजाच्या कायद्याला शोभेल. ज्या ग्रंथाला देवाचे वचन म्हणायचे त्याच्यासाठी ती फारच तोकडी आहे.

'त्या काळी दुसरे कुणाला सुचणेच शक्य नव्हते' असेही सांगतात. ख्रिस्ती इतिहासच याला साक्ष देत नाही. चौथ्या शतकात निस्सा येथील बिशप ग्रेगरी याने 'उपदेशक' ग्रंथावर प्रवचन देताना गुलाम विकत घेणाऱ्याला सरळ जाब विचारला. ज्याला देवाने आपल्या प्रतिरूपात घडवले त्याची किंमत कोण ठरवणार, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी, याच ग्रंथाच्या आधारे, एका वाचकाला ते सुचले होते. इतरांना सुचले नाही याचे कारण काळ नव्हे. त्यांची घरे गुलामांच्या श्रमावर चालत होती, हे आहे. ही गोष्ट मराठी मुलखापासून दूरची समजू नये. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाने तिथल्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे, आणि त्या लिलावात माणसेही विकली जात. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली निघाले. आपण ज्याच्या ओव्या मराठीचे वैभव म्हणून शिकवतो ते काव्य त्या बाजारापासून फार दूर रचले गेले नाही.

या कायद्यांवरचा सर्वांत मोठा वाद झाला तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत, आणि श्रद्धावान वाचकाने तो नीट अभ्यासावा, कारण आजची सगळी उत्तरे तिथे वापरून झाली आहेत. थॉर्नटन स्ट्रिंगफेलो या व्हर्जिनियातील बाप्तिस्त उपदेशकाने १८४१ मध्ये गुलामगिरीला शास्त्राधार असल्याचे मांडले. १८४५ मध्ये दक्षिणेतील रिचर्ड फुलर आणि उत्तरेतील फ्रान्सिस वेलँड यांचा पत्ररूप वाद पुस्तकरूपाने निघाला. त्याच वर्षी, गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही या वादातून, जॉर्जियातील ऑगस्टा येथे दक्षिणेतील बाप्तिस्तांनी आपली वेगळी संघटना काढली. तिने गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल जाहीर क्षमा मागितली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी.

त्या वादात 'एबेद म्हणजे गुलाम नव्हेच' असे सिद्ध करण्याचा खटाटोप गुलामगिरीच्या काही विरोधकांनी केला. थिओडोर वेल्डचे १८३७चे पुस्तक त्याचा नमुना आहे. हेतू उदात्त होता, युक्तिवाद टिकला नाही. व्याकरण आणि कोश घेऊन बसले की 'लेवीय'चा पंचविसावा अध्याय धन्यांच्या बाजूने बोलतो, हे विरुद्ध पक्षाने सहज दाखवले. चांगल्या कारणासाठी मजकूर वाकवणाऱ्याने आपल्या हातातले चांगले कारणही दुबळे केले. आजचे 'चाकरी'वाले याच हरलेल्या बाजूवर पुन्हा पैसे लावतात, आणि या वेळी तर कुणा गुलामाला सोडवण्याचाही प्रश्न नसतो. प्रश्न फक्त ग्रंथाची अब्रू वाचवण्याचा असतो.

परंतु धन्यांचे वाचन तरी शब्दशः होते काय? मुळीच नाही. माणूस चोरून विकणाऱ्याला 'निर्गम'च्या त्याच अध्यायात देहान्त शिक्षा आहे, आणि आफ्रिकेहून माणसे चोरून आणल्याशिवाय त्यांचा व्यापार उभाच राहिला नसता. दात पडलेल्या गुलामाला मोकळे करण्याचे कलम दक्षिणेतल्या कायद्यांत आले नाही. सातवे वर्ष आले नाही, योबेल आले नाही. 'लेवीय'ला कातडीचा रंग ठाऊक नाही. तो त्यांनी पदरचा घातला. १८५०चा पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा झाला तेव्हा 'अनुवाद'चा तेविसावा अध्याय आडवा आला. अँडोव्हरचे मोझेस स्टुअर्ट हे त्या काळातले मोठे हिब्रू पंडित, गुलामगिरी वाईटच मानणारे. त्यांनी असा अर्थ लावला की ते वचन परक्या देशातून पळून आलेल्या गुलामापुरते आहे, आणि पौलाने ओनेसिमाला फिलेमोनाकडे परत पाठवलेच होते. विद्वत्ता अशा वेळी कुणाच्या दारात उभी राहते, हे पाहण्यासारखे आहे.

ग्रंथात काय आहे हे धन्यांना पुरते कळत होते, याचा पुरावा १८०७ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकात आहे. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी निवडलेले ते बायबल होते. प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय असतात. यात २३२ ठेवले. मिसर देशातून गुलाम बाहेर पडल्याची कथा काढून टाकली. ख्रिस्तामध्ये गुलाम आणि स्वतंत्र असा भेद नाही हे गलतीकरांस सांगणारे वचन काढले. गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी हा इफिसकरांस केलेला उपदेश ठेवला. या कात्रीइतके प्रामाणिक भाष्य आम्ही दुसरे पाहिलेले नाही. ग्रंथात दोन आवाज आहेत, आणि गुलामाच्या कानी त्यांतला कोणता पडू द्यायचा नाही, हे ती कात्री अचूक जाणत होती.

म्हणून तिसऱ्या उत्तराचा विचार करावा लागतो. घटस्फोटाविषयी विचारले असता येशूने मोशेची परवानगी माणसांच्या कठोर अंतःकरणामुळे होती असे सांगितले, ही 'मत्तय'मधली गोष्ट प्रसिद्ध आहे. गुलामगिरीलाही तोच न्याय लावावा, असे श्रद्धावान म्हणतात. लावावा. परंतु त्यातून काय निघते तेही पाहावे. याच नियमशास्त्रात डुकराचे मांस निषिद्ध आहे, मूर्तिपूजा निषिद्ध आहे, शब्बाथ मोडणाऱ्याला मृत्युदंड आहे. तिथे माणसाच्या कुवतीचा विचार झाला नाही, हळूहळू वर आणण्याची सवलत मिळाली नाही. सवलत मिळाली ती नेमकी धन्याला, आणि तिचे हप्ते भरले परक्या गुलामाने, पिढ्यान्‌पिढ्या. ज्याला ही पायरी म्हणायचे असेल त्याने ती कुणाच्या पाठीवर रचली होती हेही सांगावे. शिवाय ग्रंथात 'ही सवलत आहे' अशी खूण त्या कलमांवर कुठेही नाही. ती देवाच्या मुखातून आलेली आज्ञा म्हणूनच येतात. त्यांना सवलत म्हणणारा वाचक ग्रंथातील एका भागाचा दुसऱ्या भागाच्या बळावर न्याय करीत असतो. आमची हरकत या न्यायनिवाड्याला नाही. तो करायचा आणि केला नाही असे दाखवायचे, याला आहे.

तो करण्याचे बळ ग्रंथातच आहे. इस्राएलींना गुलाम म्हणून विकू नये याचे कारण 'लेवीय' देतो ते असे की देवाने त्यांना मिसरमधून सोडवले, ते त्याचे आहेत. कारण विशाल आहे, नियम मात्र जातीच्या कुंपणाशी थांबतो. हे कारण कुंपणापलीकडे ओसंडते हे ओळखणे, हे श्रद्धावान वाचकाचे काम. ईयोबाने ते ओळखले : मला आणि माझ्या गुलामाला एकाच निर्मात्याने गर्भात घडवले, मग त्याची दाद न घेता मी देवाला काय उत्तर देऊ, असे तो स्वतःला विचारतो. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात वेढा पडल्यावर यरुशलेमेचे धनी गुलामांना मोकळे करतात आणि धोका टळल्यासारखा वाटताच पुन्हा पकडतात, तेव्हा संदेष्टा त्यांच्यावर तुटून पडतो. ग्रंथ स्वतःशीच वाद घालतो आहे, आणि त्या वादात वाचकाला तटस्थ राहता येत नाही.

हा वाद सर्वांत चांगला कुणी वाचला? ज्यांना अक्षर शिकण्याची बंदी होती त्यांनी. हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकाने १९४९च्या आपल्या पुस्तकात आजीची हकीकत दिली आहे. ती गुलामगिरीत जन्मलेली, निरक्षर. नातवाकडून बायबल वाचून घेई, परंतु पौलाची पत्रे जवळजवळ कधीच वाचू देत नसे. मळ्यावर धन्याचा गोरा उपदेशक 'गुलामांनो, आज्ञा पाळा' हेच पौलवचन पुन्हा पुन्हा ऐकवी. तेव्हाच तिने ठरवले होते की स्वातंत्र्य मिळाले आणि वाचता आले तर हा भाग वाचायचा नाही. ही बाई अश्रद्ध नव्हती. तिने काढलेले पान आणि १८०७च्या कात्रीने काढलेले पान यांत फरक हा की तिने आपला नकार उघड सांगितला, त्याचे कारण सांगितले, आणि देव आपल्या बाजूचा आहे हा विश्वास सोडला नाही.

आपल्याकडे हा मुद्दा १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात मांडला आहे. शास्त्रांचा खरा अर्थ तसा नाहीच, अशी समजूत घालून जात जाणार नाही. लोक शास्त्रे कशी समजत आले हेच महत्त्वाचे, आणि म्हणून त्यांच्या प्रामाण्यालाच हात घातला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. श्रद्धावान ख्रिस्ती वाचक आंबेडकरांइतका दूर जाईल असे नाही, जावे असा आमचा आग्रहही नाही. परंतु 'खरा अर्थ तसा नाहीच' या आडोशाला त्यांनी जे उत्तर दिले ते त्यालाही चुकवता येणार नाही.

जाता जाता दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द. 'लेवीय'मधले एक कलम दाखवून सगळा ग्रंथ निकालात काढणारे टीकाकार तो ग्रंथ स्ट्रिंगफेलोच्याच पद्धतीने वाचतात : प्रत्येक वाक्याचे वजन सारखे, आणि धन्याचा आवाज हाच अंतिम. थर्मनच्या आजीचे वाचन त्यांच्या हिशेबात बसत नाही. जे वाचन गुलामांना जगवून गेले त्याला भाबडेपणा म्हणणे, ही विवेकवादाची मिरास नव्हे.

आमची मागणी लहान आहे. पंडिता रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळे बायबल नव्याने भाषांतरित करण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. तेव्हा रूढ शब्द बदलणे हा मराठी ख्रिस्ती परंपरेत काही अधर्म नाही. 'निर्गम'च्या एकविसाव्या आणि 'लेवीय'च्या पंचविसाव्या अध्यायात 'दास' काढून 'गुलाम' लिहावे. उपासनेत ते अध्याय गाळू नयेत, मोठ्याने वाचावेत, आणि त्यानंतर यिर्मयाचा चौतिसावा अध्याय वाचावा. पौल स्वतःला ख्रिस्ताचा 'दास' म्हणवतो तिथेही मूळ ग्रीक शब्द बाजारातल्या गुलामाचाच आहे. तिथेही 'गुलाम' लिहून पाहावे, म्हणजे त्याच्या पहिल्या श्रोत्यांना, ज्यांत खरेखुरे गुलाम बसलेले असत, तो शब्द कसा लागला असेल याची कल्पना येईल. ज्यांना हे ऐकवणार नाही त्यांनी आपली अडचण शब्दाची आहे की मजकुराची, याचा विचार करावा.